आमची खरवत

वार शुक्रवार होता. तारीख आठवते असं मी लिहिणार नाही, कारण ती आठवत नाही. श्रावण लागला होता एवढं नक्की, कारण आईने डब्यात घावण्यांबरोबर सुकी मासळी न देता नुसती बटाट्याची भाजी दिली होती. केसपेपरचे दोन रुपये बाबांनी रुग्णालयाच्या खिडकीत भरले. आत हिरव्या पडद्यामागे आम्ही चौघं होतो: बाबा, माझी मोठी बहीण सुनंदा, मी आणि डॉक्टर मोडक बाई. त्या खोलीत बाईंनी उच्चारलेला एक शब्द आमच्या घराला पुढे वर्षभर पुरला. त्याविषयी नंतर घरात प्रत्येकाने आपल्याला सोयीचं तेवढंच सांगितलं. बाबा गेले, आई गेली, आता मला खोडून काढायला कुणी उरलेलं नाही. म्हणून तर मला जास्तच जपून लिहायला हवं. मी तिथे स्टुलावर बसले होते आणि मला सगळं नीट ऐकू येत होतं.

आम्ही मुलुंडला आग्रा रोडच्या आतल्या बाजूच्या एका चाळीत राहत होतो. बाबा जातीने आणि हाताने सुतार. गावाहून मुंबईला आले ते एका कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये लागले. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो; त्याचा ठसा वाळूत उठवतात आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड ओततात. तो नमुना करणं हे बाबांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा त्या शॉपमध्ये कुणी नव्हता. सुट्टीच्या दिवशी ते गॅलरीत पोतं पसरून देव्हारे करत बसायचे. दुकानात काचकागद मिळत होता, कारखान्यात ते तोच वापरत, पण घरच्या कामाला नाही. घरच्या कामाला खरवत. हे आमच्या गावाकडचं झाड. त्याचं पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत असतं. वाळलेली पानं जरा भिजवून घ्यायची आणि लाकडावर फिरवायची. "कागद ओरबाडता, खरवत कुरवाळता," असं बाबा म्हणायचे. दर मे महिन्यात बाबांचा चुलतभाऊ गावाहून पिठाच्या पिशवीत ती पानं पाठवायचा. रविवारची दुपार म्हटलं की मला अजून तो खसखस आवाज ऐकू येतो, आतून आईच्या कुळथाच्या पिठीला दिलेल्या फोडणीचा वास येतो, आणि खाली मैदानात ताईच्या नावाने चाललेला आरडाओरडा.

ताई कबड्डी खेळायची. चाळीच्या मंडळाचा मुलींचा संघ होता आणि ताई त्यातली चढाईची मुलगी. ती बुटकी होती, चिवट होती आणि फार गोड बोलणारी नव्हती. चढाईला जाताना समोरच्या सात जणींकडे अशी बघायची की त्यांनी तिचं काही देणं थकवलंय. "सुनंदा आली, बाजू व्हा गं," असं गॅलऱ्यांतल्या बायका ओरडायच्या. आणि खरोखर व्हायच्या त्या बाजूला. एका मोठ्या सरकारी कंपनीचा मुलींचा संघ होता. त्यांच्या प्रशिक्षकांनी तिला दोन सामन्यांत पाहिलं होतं आणि पुढच्या निवडीला ये म्हणून निरोप धाडला होता. निवड झाली तर खेळाबरोबर नोकरीही होती. आमच्या चाळीतल्या मुलीला तेव्हा असं काही मिळत नसे.

तिचा डावा घोटा आधी लचकल्यासारखा सुजला. आईने हळद-तेल चोळलं, कुणी आंबेहळद सांगितली, तीही लावली. सूज संध्याकाळी यायची, सकाळी गेलेली असायची. चार-पाच महिने असेच गेले. मग महापालिकेचा माणूस रक्त घेऊन गेला. ते रक्त रात्रीच घ्यावं लागतं, कारण हत्तीरोगाचे जंत दिवसा रक्तात सापडत नाहीत. कागद आला तेव्हा बाबांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. त्यात काय आहे ते त्यांनी न वाचताही सांगितलं असतं. गावी बाबांची थोरली बहीण होती. तिचा पाय आम्ही लहानपणी पाहिला होता. उखळासारखा, वरून लुगड्याने झाकलेला. त्याला हत्तीरोग म्हणायचं नाही, आत्याचा पाय भरलाय म्हणायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. ती मागीलदारी बसून असायची. गावात कार्य असलं तरी तिथेच. बाबांच्या मनात तो पाय होता, हे मी तेव्हाही ओळखून होते, आणि आज त्यांच्यावर रागावतानाही ते विसरत नाही.

महापालिकेच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी ताईला सडकून ताप आला, उलट्या झाल्या. बाबांच्या शॉपमधल्या कुणीतरी घाटकोपरच्या बाजूचं ते आयुर्वेदाचं रुग्णालय सांगितलं; तिथे या रोगावर झाडपाल्याचा शोध चालू आहे म्हणे. म्हणून आम्ही गेलो होतो.

मोडक बाई पन्नाशीच्या, सडपातळ, पुण्याकडच्या बोलण्याच्या. त्यांनी ताईचा पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला.

"संध्याकाळी सूज येते. सकाळी?"

"सकाळी उतरते," ताई म्हणाली. "उठलं की दोन्ही पाय सारखे."

"मग अजून वेळ आहे. सकाळी उतरते तोवर आपल्या हातात आहे. ज्या दिवशी सकाळीसुद्धा उतरायची थांबेल, त्यानंतर मी किंवा आणखी कुणी फारसं काही करू शकणार नाही. पाय तसाच राहतो, आणि वाढतो."

"आणि कबड्डी?"

"आधी पाय, मग कबड्डी. गोळ्या का सोडल्यास?"

"ताप आला होता हो तिला," बाबा म्हणाले. "विषारी असणार त्या."

"ताप येतोच. आतले जंत मरतात त्याचा ताप असतो तो. पुन्हा सुरू करा."

बाबांना ते ऐकायचं नव्हतं. ते खुर्चीत पुढे सरकले. "बाई, तुमच्याकडे म्हणे झाडातलं औषध आहे."

बाईंनी मग जे सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण त्या सावकाश, मुलांना शिकवल्यासारखं बोलत होत्या. एका झाडाच्या सालीतून त्यांनी काही द्रव्यं वेगळी केली होती. म्हशीच्या पोटात याच जातीचे जंत सापडतात. ते काचेच्या बशीत ठेवून वर ते द्रव्य घातलं की काही तासांत त्यांची हालचाल थांबते. "पण बशी म्हणजे माणूस नव्हे," बाई म्हणाल्या. "माणसांवरची पहिली चाचणी आत्ता कुठे चालू आहे. तो गट भरला. पुढचा गट घेऊ त्यात हिचं नाव घालते. चार महिन्यांनी आणा हिला."

"झाड कुठलं म्हणायचं ते?"

"शाखोटक. मराठीत त्याला खरवत म्हणतात."

बाबा मोठ्याने हसले. दवाखान्यात कुणी तसं हसत नाही. "खरवत? अहो बाई, आमच्या परसात आहेत दोन!"

"घरी काही करू नका हं," बाई म्हणाल्या. "त्या सालीतलं एक द्रव्य हृदयावर काम करतं. प्रमाण चुकलं तर नाडी मंदावते. गोळ्या घ्या, झोपताना पाय उशीवर, आणि चार महिन्यांनी या."

गोळ्या, उशी, चार महिने आणि घरी काही करू नका. एवढं सगळं सांगून झालं होतं. बाबांनी त्यातलं काहीच घरी आणलं नाही. त्यांनी आणला तो फक्त एक शब्द, कारण तो आमच्या घरचा होता. आणि बाईंविषयी लिहायचं तर, त्यांच्या पाठीमागच्या कपाटात त्या झाडाची वाळवलेली फांदी जाड कागदावर चिकटवून ठेवलेली होती. हात लांबवला असता तर काढता आली असती. समोरचा माणूस सुतार आहे हे त्यांच्या केसपेपरवर लिहिलेलं होतं. पण सुताराच्या घरी खरवत म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी त्यांना माफ केलंय असं नाही. हिशेबात धरलंय एवढंच.

घरी पाऊल टाकल्या टाकल्या बाबा आईला म्हणाले, "आयकलंस? आपल्या खरवतीत औषद आसा. हत्तीरोगाचा! घाटकोपरचे डॉक्टर तेच्यार शोध लावतत."

"खरवतीत?" आई म्हणाली. "नि आपण तेना पाट घासतव!"

बाबा त्या दिवसांत फार आनंदात होते. शॉपमध्ये सांगितलं, चाळीत सांगितलं. पिढ्यान् पिढ्या आम्ही ते झाड लाकडाला घासलं, आणि औषध होतं ते आमच्याच दारात उभं. आत्या त्याच्याच सावलीत बसून होती. हे ते प्रत्येकाला शेवटी सांगायचे. चुलतभावाला पत्र गेलं. गणपतीला गावी गेलेल्यांबरोबर सालीचं पहिलं पोतं आलं.

आई साल ठेचायची आणि स्टोव्हवर उकळत ठेवायची, चार भांडी पाण्याचं एक भांडं होईपर्यंत. स्टोव्हचा तो फुरफुराट संध्याकाळी सहापासून चालू असायचा, त्यामुळे भात उशिरा व्हायचा, बांगड्याचं तिखलं त्याहून उशिरा. काढा चहाच्या रंगाचा होई. ताईने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू नाही गं हे. नुसतं तुरट आहे. पाट उकळून प्यायल्यासारखं लागतं."

"पी गो बाय. डोळे मिट नि पी."

"शुभाला दे ना अर्धं. तिचे पाय कुठे सरळ आहेत?"

"माझे पाय सरळच आहेत," मी म्हटलं, "खेळत नाही मी तुझ्यासारखी माकडउड्या मारत."

असं हसतखेळत सुरू झालं ते. गोळ्यांचं पाकीट बाबांनी कपाटावर टाकलं. दोन औषधं एकमेकांना मारतात, असं त्यांचं म्हणणं. चार महिने झाले तेव्हा ताईने दवाखान्याची आठवण केली. बाबा म्हणाले, "कशाला? ते हेच वाळवून कॅप्सूलमध्ये भरून देणार. आपण ताजं देतोय. रांगेत उभं राहायची हौस आहे का तुला?" ताईने भांडं तोंडाला लावलं. तिचा बाबांवर विश्वास होता. मला वाटतं तिचा तेवढा विश्वास नंतर कुणावरच बसला नाही.

माप घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होते. घोट्याच्या वर चार बोटं, तिथे टेप गुंडाळायची आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकटीत लिहायचा. वर सकाळचा, खाली संध्याकाळचा. सुरुवातीला दोन्हींत दीड इंचाचा फरक असायचा. मग एकाचा झाला. शिमग्याच्या सुमाराला अर्ध्याहून कमी. बाबा रविवारी चष्मा लावून कॅलेंडरापुढे उभे राहायचे.

"फरक बघ कितको होतो नि कितको रवलो," ते आईला दाखवायचे. "लागू पडला औषद!"

"बाबा, पण संध्याकाळचा आकडा आहे तिथेच आहे," मी म्हटलं. "सकाळचा वाढत चाललाय. म्हणून फरक कमी दिसतोय."

"चढउतार थांबला म्हणजे पाय स्थिरावला. तू कॉमर्स शिकतेस की डॉक्टरी?"

"बाईंनी सांगितलं होतं की सकाळची सूज उतरायची थांबली की..."

"ते औषध न घेणाऱ्यांसाठी सांगितलं त्यांनी."

पुढे मी तीस वर्षं एका सहकारी बँकेत काढली. दोन रकाने जुळले की आम्हा लोकांना बरं वाटतं. संध्याकाळी ताळा जुळला की चहा गोड लागतो. पण कुठल्याही दोन आकड्यांमधला फरक शून्याकडे निघाला की मला आजही बरं वाटत नाही. कोणता आकडा हलला ते मी आधी बघते. ऑफिसात मला त्यावरून चिडवायचे. मी कधी कुणाला कारण सांगितलं नाही.

निवडीचा दिवस आला. मैदान भांडुपच्या बाजूला होतं. ताईने घोट्याला क्रेप बँडेज आवळून बांधलं, वर मोजा चढवला. आईने सकाळी काढा पाजला आणि तिच्या हातावर दही ठेवलं. पहिल्या दोन चढायांत तिने दोघींना बाद केलं. तिसऱ्या वेळी समोरची एक आडदांड मुलगी म्हणाली, "ए बुटके, पायात काय भरलंयस, वाळू?" ताई हसली, पुढे झेपावली, आणि त्याच मुलीने तिचा डावा घोटा धरला. धरला आणि लगेच सोडला. मोजा खाली आला होता, बँडेज सैल झालं होतं. त्या मुलीच्या बोटांचे खळगे ताईच्या पायावर तसेच उमटून राहिले होते, मळलेल्या कणकेत राहतात तसे. ती मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने आपला हात पॅंटला पुसला. ताईला मध्यरेषा गाठायला पुरेसा वेळ मिळाला होता. ती रेषेपर्यंत चालत गेली. पळाली नाही.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "उद्या मी घाटकोपरला चाललेय. कुणाला यायचं ते या."

बाबा आले. नुसते आले नाहीत. गावाहून नुकतीच आलेली सालीची जुडी आणि पानांसकट एक फांदी त्यांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर घेतली. बसमध्ये ते ती मांडीवर धरून बसले होते. पडद्यामागे गेल्यावर त्यांनी ती बाईंच्या टेबलावर ठेवली.

"तुमच्या संशोधनासाठी. हवी तेवढी पाठवतो. पैसे द्यायचे नाहीत."

बाईंनी कागद उलगडला. "हे काय आहे?"

"खरवत."

त्यांनी एक पान उचललं, बोट फिरवलं, उजेडाकडे धरलं. मग उठून कपाटातून तो जाड कागद काढला आणि शेजारी ठेवला. कागदावरचं पान बोटभर लांबीचं होतं; आमचं पंजाएवढं.

"याला उंबरासारखी फळं येतात का?"

"येतात ना. पाखरं खातात."

"या कागदावरच्याला पिवळी येतात, मण्याएवढी." त्या खाली बसल्या. "कूळ एक आहे. पानं दोन्हींची खरखरीत. पण ही झाडं दोन आहेत."

"बाई, खरवत हीच," बाबा म्हणाले. "आमच्या गावात कुणालाही विचारा."

"बरोबर आहे. तुमच्या गावात हीच खरवत. पुस्तकात त्यालाही खरवत लिहिलंय."

"मग पुस्तक चुकलं असेल."

बाईंनी पान खाली ठेवलं. ताईला म्हणाल्या, "मोजा काढ." त्यांनी अंगठा दाबला, उचलला, आणि खळगा भरून यायची वाट पाहिली. तो भरून येईना.

"सकाळी उतरते?"

"नाही. शिमग्यापासून नाही."

"गोळ्या?"

ताईने बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाबा त्या दोन पानांकडे बघत होते.

"तुमच्या त्या चाचणीत माझं नाव घालणार होतात ना?" ताईने विचारलं.

"होय. पण तिच्यात सकाळी सूज उतरणारेच घेतो आम्ही." बाईंनी केसपेपर ओढला. "जंत मरतीलही आता. गोळ्या घे, आणखी कुणाला तुझ्यामुळे होणार नाही. पाय मात्र..." आणि मग, धीर द्यायचा म्हणून असेल, त्या म्हणाल्या, "एक बरं झालं म्हणायचं. खरं झाड असतं आणि वर्षभर असं भांडंभर प्यायली असतीस, तर हृदयाचं काय झालं असतं सांगता येत नाही."

"बाबा, चला," ताई म्हणाली.

फांदी टेबलावरच राहिली. बसमध्ये विक्रोळी गेलं, कांजूर गेलं, मुलुंड आलं. उतरल्यावर बाबा रस्त्याच्या कडेला थांबले आणि आम्हा दोघींना म्हणाले, "आईला इतक्यात काही सांगू नका."

आम्ही दार उघडलं तेव्हा आईने काढा करून झाकून ठेवला होता. "काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं. बाबांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि म्हणाले, "चालू ठेवूक सांगितल्यानी. दी तिका."

हे वाक्य मी अनेकदा मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. आधीचं वर्षभर बाबा चुकले होते. चुकणाऱ्याला मी माणूस समजते. पण त्या संध्याकाळी ते चुकले नव्हते. त्यांना माहीत होतं. ताईने भांडं घेतलं आणि त्यांच्याकडे बघत, एकदाही तोंड वाकडं न करता, तळापर्यंत प्यायली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. चाळीत ज्या ज्या दाराला त्यांनी वर्षभर आपल्या झाडाचं कौतुक सांगितलं होतं त्या प्रत्येक दाराला आता काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ताईच्या पोटातून जात होतं. मी बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी ताईला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "थांब तू. मला बघायचंय ते किती दिवस बघू शकतात."

पुढच्या रविवारी दुपारी शेजारच्या काकू भावजयीला घेऊन आल्या. भावजयीचाही पाय सुजत होता. आई हरखली. "न्या ना साल, पोताभर आसा," असं म्हणत ती डबा काढायला उठली. बाबा गॅलरीत देव्हाऱ्याची महिरप घासत होते. ते आत आले नाहीत. खसखस चालू राहिली.

ताई उठली. स्टोव्हवरचं भांडं तिने फडक्याने उचललं आणि मोरीत पालथं केलं.

"काकू, ही साल नेऊ नका. औषधाची खरवत वेगळी. ही फर्निचरची."

"असा काय करतंस गो?" आई ओरडली.

"आई, घाटकोपरला त्या दिवशी बाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली. बाबांनाच विचार."

गॅलरीतला आवाज थांबला. आई उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. "तुमका म्हायत होता?" तिने विचारलं. "माझ्या हातान तिका पाजीत रवल्यात?" काकू भावजयीचा हात धरून निघून गेल्या. बाबांनी पान पुन्हा भिजवलं आणि महिरपीवर फिरवू लागले. आईने उरलेलं पोतं ओढत न्हाणीकडे नेलं. पुढे दोन आठवडे आम्ही बंबात तीच साल घालत होतो. पाणी चांगलं तापायचं.

बाईंच्या त्या द्रव्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. आमच्या नाक्यावरच्या केमिस्टला मी मध्यंतरी विचारलं होतं. त्याने असं काही कधी ऐकलेलं नव्हतं. बशीतून माणसापर्यंतचा रस्ता फार लांबचा असतो, एवढं मी आता समजून आहे. ताईला त्या रस्त्याच्या तोंडाशी तरी उभं राहायला मिळायला हवं होतं. तेवढंच माझं म्हणणं आहे.

ताई त्यानंतर मैदानात उतरली नाही. एका ग्राहक भांडारात तिला गल्ल्यावर बसायचं काम मिळालं. पावसाळ्यात पाय आणखी जड व्हायचा आणि डाव्या पायात कसलीच चप्पल चढेना. ती तिथे बाबांच्या जुन्या रबरी सपाता घालून जायची. बाजारात चपला शिवणारे एक मामा होते. माप द्यायला त्यांच्या फळीवर चारचौघांत पाय ठेवायला ताई तयार नव्हती. एका रविवारी बाबांनी पिशवीतून एक वस्तू काढून तिच्यापुढे ठेवली. सागवानाचा डावा पाय होता तो, घोट्यापासून बोटांपर्यंत. सुजेची घडी, अंगठ्याकडचा फुगवटा, सगळं जसंच्या तसं. ती झोपलेली असताना त्यांनी दोऱ्याने मापं घेतली होती.

आम्ही तिघं मामांकडे गेलो. मामांनी तो पाय हातात घेऊन उलटसुलट फिरवला. "काय काम आहे दादा! पण ताई, एकदा पाय ठेवाच बघू शेजारी." ताईने ठेवला. मामा म्हणाले, "हा तर बोटभर मोठा झालाय."

"सूट ठेवलीय," बाबा म्हणाले.

पॅटर्न शॉपची ती रीतच. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडी नमुना नेहमी थोडा मोठा करतात. त्याला सूट म्हणतात. इथे लोखंड नव्हतं आणि काही आकसणारही नव्हतं. ताईला ते माझ्याआधी कळलं.

"किती वर्षांची ठेवलीत?" तिने विचारलं.

बाबा लाकडी पायाकडेच बघत होते. "दोनेक," ते म्हणाले.

त्या एका बाबतीत त्यांचा हिशेब बरोबर निघाला. चपला आठवड्याने तयार झाल्या. बाबांनी खिशातून पाकीट काढलं. ताईने त्यांचा हात बाजूला केला. पंचावन्न रुपये, मामांना, ताईच्या पगारातून.